अकरा सत्तावन्न

१

बुधवार, सात मार्च. सकाळचे अकरा वाजून सत्तावन्न मिनिटं. त्रिएस्तेमधल्या एका वीजव्यापारी कंपनीनं दुसऱ्या दिवसासाठी लावलेल्या सगळ्या बोली मागे घेतल्या आणि त्यांच्या जागी नव्या लावल्या. इटलीत वीज विकायला बसलेली कंपनी एका मिनिटात खरेदीदार झाली. बारा वाजता बाजाराची खिडकी बंद झाली. बारा वाजून एक मिनिटानं सूचना जाहीर झाली: सीमेवरच्या लिपोवेत्स जोडकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर बिघडला असून उद्या स्लोव्हेनियातून इटलीत निम्मीच वीज जाईल.

गुरुवारी इटलीतला दर कडाडला. त्या कंपनीचं उखळ पांढरं झालं.

या बाजाराचा नियम लहान मुलालाही कळेल असा आहे. बातमी आधी सगळ्यांना, मग व्यवहार. कोणाला तरी ती चार मिनिटं आधी मिळाली होती.

दारिन्का झाद्निक त्याच गुरुवारी सकाळी साडेनऊला लिपोवेत्सच्या फाटकाशी उतरली. ल्युब्लियानातल्या सरकारी वीजबाजार-दक्षता विभागात तिची एकोणीस वर्षं गेली होती. शिक्षणानं ती वकील. तारा आणि ट्रान्सफॉर्मर तिनं कागदावरच पाहिलेले. बुर्या वारा असा सुटला होता की गाडीचं दार दोन्ही हातांनी लावावं लागलं.

पहारेकऱ्यानं तिचा मोबाइल मागितला आणि कप्प्यात ठेवून किल्ली दिली.

"संचालकांचासुद्धा इथंच असतो," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपासून. आत एकही मोबाइल नाही."

"मग आतून बाहेर बोलायचं कसं?"

"नियंत्रण कक्षातून. पण तिथला शब्द न् शब्द टेप होतो, बाई."

तेवढ्यात तिच्या वरिष्ठांचा, तोनेचा निरोप फाटकावरच्या फोनवर आला. लिपोवेत्स चालवणाऱ्या कंपनीनं सूचना-अधिकारी नेवा मोझेतिचला बुधवारी संध्याकाळीच निलंबित केलं होतं. नेवाचा घटस्फोटित नवरा त्रिएस्तेच्या त्या वीजव्यापारी कंपनीत नोकरीला होता.

"शुक्रवारी चारपर्यंत अहवाल दे, दारिन्का," तोने म्हणाला. "तिचं नाव आलं की तिचा परवाना रद्द, आणि फाइल सरकारी वकिलाकडे. यात शोधायचं काय उरलंय, सांग ना मला?"

२

बारा वाजायच्या आत बिघाड ठाऊक असलेली माणसं तीन होती. पाळीवरचा अभियंता एगोन त्रेबेझ, त्याच्या शेजारी बसणारी नेवा आणि संचालक वोइको उर्दिह.

एगोन पन्नाशीचा, जाड भिंगांचा. नियंत्रण कक्षातल्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. ते उपग्रहावरून वेळ घेत असे, सेकंदाचाही फरक पडत नसे.

"अकरा त्रेपन्नला धोक्याचा दिवा लागला," एगोन म्हणाला. "चोपन्नला मी साहेबांना कळवलं. टेप आहे, ऐका हवी तर. तिथून साडेबारापर्यंत या खुर्चीतून उठलो नाही. वर कॅमेरा आहे. त्याआधीचे धरून तीन तास लघवीला गेलो नाही, हेही त्यात दिसेल."

"आणि नेवा?"

"तिनं सूचना लिहून ठेवली होती. साहेबांची परवानगी आल्याशिवाय जाहीर करता येत नाही. ती आली बाराला. बारा एकला तिनं बटण दाबलं."

"मध्ये ती उठली होती?"

"तिची खुर्ची माझ्या मागे आहे. कॅमेऱ्यात येत नाही. आणि माझ्या पाठीला डोळे नाहीत हो." त्यानं चष्मा पुसला. "आधीच जानेवारीपासून डोकं उठलंय. दक्षिणेकडचे दोन शेजारी देश भांडतायत, तुटीची वीज कोणी भरायची यावरून. कोणीच भरत नाही. पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत सगळ्यांची फ्रिक्वेन्सी खाली. पन्नास हर्ट्झच्या जागी एकोणपन्नास पूर्णांक नव्व्याण्णव. घर त्यांचं, गळती आमच्या डोक्यावर."

एगोनच्या टेबलावरच्या दोन्ही फोनांच्या टेप दारिन्कानं ऐकल्या. त्यात संशय घ्यावा असं काही नव्हतं. निघताना तिनं विचारलं, "टेप न होणारा एकही फोन नाही इथं?"

एगोननं मागे वळून दाराकडे पाहिलं.

"एक आहे," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात."

३

स्वयंपाकघर नियंत्रण कक्ष आणि संचालकांची खोली यांच्या मधोमध होतं. भिंतीवर जुना फोन टांगला होता. स्वयंपाकीण फानीमावशीनं खाटकाला आणि बेकरीवाल्याला सामान सांगावं म्हणून तो ठेवलेला. फोन-कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम जायची. बिलात कॉलची यादी येत नसे.

फानीमावशी साठीच्या, हातावर पिठाचे डाग. योटाच्या, म्हणजे आंबट कोबीच्या सूपच्या, पातेल्यात डाव फिरवत त्या बोलत होत्या. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"काल दोघं आली फोनला. आधी साहेब, मग नेवा. नेवा आली तेव्हा अकरा सत्तावन्न झाले होते."

"इतकं नेमकं कसं सांगता?"

"अहो, ओव्हनवर घड्याळ नाही का? पोतित्सा आत होती. अक्रोडाची. दोन मिनिटं जास्त झाली की कोळसा. माझी नजर त्या आकड्यांवरून हलत नाही."

दारिन्कानं ओव्हनकडे पाहिलं. हिरवे आकडे दहा अठ्ठेचाळीस दाखवत होते. तिच्या मनगटावरही दहा अठ्ठेचाळीसच होते.

"साहेब किती वाजता आले?"

"अकरा पन्नास. तेच म्हणाले की! 'फानी, अकरा पन्नास झाले, कॉफी कुठंय?' मनगटावर एवढं थोरलं घड्याळ, आणि वेळ बघतात माझ्या ओव्हनवर. मी म्हटलं, साहेब, कॉफी चुलीवर आहे, घ्या नि ओता. मग फोनवर बोलले काहीतरी, इटालियनमध्ये. मला नाही कळत ते. गेले."

"आणि नेवा कोणाशी बोलली?"

"हळू बोलत होती. तोंडावर हात धरून. मी कशाला ऐकू?" त्यांनी डाव काठावर आपटला. "पोरगी गुणी आहे हो. तिचं वाईट करू नका. मला विचाराल तर या गावातलं सगळंच हल्ली बिघडलंय. नवा पाद्री आलाय ना, शहरातला. त्याला कसली घाई, देव जाणे. बाराची घंटा बारा वाजायच्या आधीच वाजवतो. महिनाभर बघतेय. काल तर सहा मिनिटं आधी! देवाच्या घरी असा कारभार."

दारिन्का हसली. वहीत तिनं दोन आकडे लिहिले. उर्दिह: ११.५०. नेवा: ११.५७. दिवा लागला ११.५३ ला. संचालक आला तेव्हा बिघाड झालाच नव्हता. आणि बोली बदलल्या त्याच मिनिटाला नेवा फोनवर होती.

४

नेवा मोझेतिच नोवा गोरित्साला भाड्याच्या घरात राहत होती. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात घरातला स्वेटर होता आणि आत बाकावर आठ-नऊ वर्षांची मुलगी पांघरुणात बसली होती.

"काल तुम्ही स्वयंपाकघरातून कोणाला फोन केला?" दारिन्कानं विचारलं.

"कोणालाच नाही."

"फानीबाईंनी पाहिलंय."

नेवानं आतलं दार ओढून घेतलं.

"लिव्योला," ती म्हणाली.

"घटस्फोटित नवऱ्याला. त्याच कंपनीतल्या."

"तो तिथं संगणक दुरुस्त करतो! बोली लावत नाही. तिंकाराला ताप आला होता, शाळेतून नियंत्रण कक्षात निरोप आला. मला पाळी सोडता येत नव्हती. म्हटलं, जा आणि पोरीला घेऊन ये. एवढंच बोलले."

"मग आत्ता खोटं का बोललात?"

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता? मला ठाऊक आहे हे कसं दिसतं. पण मी बटण दाबल्यानंतर गेले. बारा एकला दाबलं, मग उठले. बारा तीन झाले असतील."

"ओव्हनवर अकरा सत्तावन्न होते."

"मग ओव्हन खोटं बोलतोय."

"ओव्हनचा नवरा त्रिएस्तेत नोकरीला नाही, नेवाबाई."

बोलून झाल्यावर दारिन्काला वाटलं, हे बोलायला नको होतं.

"अकरा वर्षं मी ते बटण दाबतेय," नेवा म्हणाली. "परवाना गेला तर पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत मला कोणी दारात उभं करणार नाही. माझं नाव लिहायचं तर लिहा. पण बाराच्या आधी मी उठले नव्हते."

५

वोइको उर्दिहनं दारिन्काला स्वतः कॉफी ओतून दिली. उंच, शांत माणूस. त्याच्या मनगटावर खरंच थोरलं घड्याळ होतं.

"नेवाबद्दल वाईट वाटतं," तो म्हणाला. "मीच तिला घेतलं होतं. पण झाद्निकबाई, घरचा भेदी म्हणतात तो हाच. नवरा सोडला तरी सुटतो थोडाच?"

"तुम्हीही फोन केला होता."

"केला ना. त्रिएस्तेच्या दंतवैद्याला. वेळ बदलून घ्यायची होती. पण तो एगोनचा फोन यायच्या आधी. अकरा पन्नासला. फानीला विचारा."

"विचारलं. तिनं तेच सांगितलं."

"मग झालं तर."

"अकरा चोपन्नला कळल्यावर परवानगी द्यायला सहा मिनिटं का लागली?"

"मजकूर वाचला. दोनदा. युरोपभर जाणारी सूचना आहे, लग्नाची पत्रिका नव्हे." त्यानं साखर पुढे सरकवली. "तुमचा अहवाल उद्या ना? घाई असेल."

दारिन्का मुक्कामाला गावातल्या खाणावळीत गेली. संध्याकाळी तिनं अहवालाचा पहिला मसुदा लिहिला. त्यात नाव नेवाचं होतं. सगळं जुळत होतं. तरी ती समाधानी नव्हती, पण असमाधान अहवालात लिहायला जागा नसते.

६

शुक्रवारी पावणेबाराला ती फानीमावशींच्या जबाबावर सही घ्यायला परत गेली. सही झाली. मावशींनी बळेच योटाची वाटी पुढे ठेवली. दोन घास झाले असतील, तोच गावातून घंटेचा आवाज आला.

मावशींनी ओव्हनकडे पाहिलं. बारा शून्य-शून्य.

"घ्या!" त्या म्हणाल्या. "पाद्र्याला शुद्ध आली. कालही बरोबर बाराला वाजवली. बिशपनं कान उपटलेले दिसतायत."

दारिन्काचा चमचा वाटीतच राहिला.

"बुधवारी लवकर वाजली होती?"

"सांगितलं ना, सहा मिनिटं. ओव्हनवर अकरा चोपन्न होते."

"आणि गुरुवारपासून बरोबर?"

"हो की."

"मावशी, मधे या ओव्हनला काही झालं होतं?"

"ओव्हनला काय होणार? बुधवारी दुपारी फ्यूज उडाला होता तेवढा. नुसता शून्य-शून्य करत लुकलुकत होता. साहेबांनी स्वतः वेळ लावून दिली. मला तर हसूच आलं. इतकी वर्षं झाली, त्या माणसानं कधी ओव्हनला हात लावलेला नाही."

"त्याआधी वेळ कोणी लावली होती?"

"मीच. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी."

दारिन्का फाटकावर गेली, मोबाइल घेतला आणि पाद्र्याला फोन लावला. पाद्री तरुण आणि जरा वैतागलेला होता.

"मी घंटेला हात लावत नाही," तो म्हणाला. "यंत्र आहे. जर्मनीतून रेडिओवर वेळ येते, तिच्यावर चालतं. तीन वर्षं झाली. तक्रार कोणाची आहे? फानीची ना?"

ती पुन्हा नियंत्रण कक्षात आली. एगोन पाळीवर होता.

"एगोन, स्वयंपाकघरातला ओव्हन वेळ कुठून घेतो?"

"ओव्हन?" त्याला प्रश्न कळला नाही. "प्लगमधून. विजेचे ठोके मोजतो. पन्नास ठोक्यांचा एक सेकंद. ठोके मंदावले की घड्याळ..."

मग चष्मा काढून त्यानं कपाळावर हात मारला.

"देवा रे. आम्ही गाढव आहोत. दोन महिने ठोके मंद आहेत! दर आठवड्याला पत्रक येतं, युरोपातली अशी घड्याळं किती मागे पडलीत त्याचं. मीच फाइलला लावतो."

"बुधवारी किती मागे होती?"

त्यानं फाइल काढली. बोट ओळीवर फिरलं.

"तीनशे पंचावन्न सेकंद," एगोन म्हणाला. "सहा मिनिटांना पाच सेकंद कमी."

७

दारिन्कानं फानीमावशींना आता फक्त दोन प्रश्न विचारले. घड्याळाचं नावही काढलं नाही.

"नेवा आली ती घंटेच्या आधी की नंतर?"

"नंतर. मीच तिला म्हटलं, बघ, घंटा होऊन गेली आणि अजून बारा वाजले नाहीत. हसलीसुद्धा नाही बिचारी."

"आणि साहेब?"

"आधी. ते कॉफी घेऊन गेले, मी कप विसळला, आणि घंटा झाली."

अडीच वाजता ती उर्दिहच्या खोलीत बसली. त्यानं या वेळी कॉफी विचारली नाही.

"ओव्हन सहा मिनिटं मागे होता," दारिन्का म्हणाली. "नेवा आली ती बारा तीनला. तोवर बाजार बंद, सूचना जाहीर. तेव्हा तिनं जगभर ओरडून सांगितलं असतं तरी कोणाला उपयोग नव्हता. तुम्ही आलात ते अकरा छप्पन्नला. एगोनचा फोन येऊन दोन मिनिटं झाली होती. एका मिनिटानं त्रिएस्तेत बोली बदलल्या. सूचना तुमच्या टेबलावर होती. ती बाजार बंद होईपर्यंत तुम्ही सोडली नाहीत."

उर्दिह ऐकत होता.

"मनगटावर घड्याळ असताना तुम्ही ओव्हन पाहिलात," ती म्हणाली. "आणि वेळ मोठ्यानं वाचलीत. स्वयंपाकिणीच्या लक्षात राहावी म्हणून. दुपारी फ्यूज उडाला आणि तुम्ही स्वतः वेळ बरोबर लावलीत. मी तपासायला येईन तेव्हा ओव्हन खरा निघावा म्हणून. ते पत्रक तुमच्याकडेही येतं. या इमारतीत सगळ्यांना ते ठाऊक आहे, पण स्वयंपाकघराशी त्याचा संबंध जोडणारे तुम्ही एकटेच निघालात."

"न्यायालयात काय मांडणार?" उर्दिहनं शांतपणे विचारलं. "चर्चची घंटा आणि अक्रोडाची पोतित्सा?"

"फोन-कंपनीची नोंद."

"मागवा. दंतवैद्याचाच नंबर निघेल." तो उठला आणि त्यानं दार उघडून धरलं. "आणि झाद्निकबाई, दंतवैद्यानं पुढे कोणाला फोन केला, हे तुम्हाला विचारता येणार नाही. तो इटलीत राहतो."

८

अहवाल तीन चाळीसला गेला. नेवा मोझेतिचविरुद्ध पुरावा नाही, असं पहिल्या पानावर होतं. उर्दिहचं नाव दुसऱ्या पानावर होतं, कारणांसह. तोनेनं वाचला आणि फोन केला.

"बुधवारपासून मी तिचंच नाव धरून बसलो होतो," तो म्हणाला. "बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस."

"नोंद कधी मिळेल?"

"न्यायालयाचा हुकूम लागतो. दोन आठवडे, तीन. आणि मिलानवाल्यांना, म्हणजे इटलीच्या नियामकांना, लिहिलंय. ते म्हणतात, बोली आमच्या हद्दीत लागल्या, प्रकरण आमचं. मी म्हटलं, फोन आमच्या हद्दीतून झाला, प्रकरण आमचं. आता दोघांनीही वर युरोपच्या संस्थेला विचारलंय. बाजार एक झालाय गं, फाइल अजून व्हायची आहे."

सोमवारी, बारा मार्चला, नऊ वाजून दहा मिनिटांनी दारिन्काचा मोबाइल वाजला. नेवा होती, मागे वाऱ्याचा आवाज.

"मला आत घेत नाहीयेत."

"का? अहवालाची प्रत कंपनीला शुक्रवारीच पाठवली आहे."

"पहारेकरी म्हणतो, निलंबन मागे घेतल्याचा कागद हवा. आणि त्यावर संचालकांची सही लागते."

दारिन्कानं संगणक पुढे ओढला.

"संचालक मंडळाला लिहिते आत्ताच," ती म्हणाली. "तुम्ही घरी जा. थंडी आहे."

"नाही. आज माझी पाळी आहे. गेले तर गैरहजर लावतील."

दारिन्कानं मंडळाच्या अध्यक्षांना पत्र पाठवलं. त्यांच्या कार्यालयातून उत्तर आलं की मंडळाची पुढची बैठक बावीस तारखेला आहे. मग तिनं फाटकावर फोन लावला. सव्वादहा झाले होते. तिनं विचारलेल्या गोष्टींची पहारेकऱ्यानं सरळ उत्तरं दिली. हो, मोझेतिचबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. नाही, कागद आलेला नाही.

"आणि उर्दिह?"

"साहेब सातलाच आलेत," तो म्हणाला. "आत आहेत."